टायर पुन्हा पुन्हा बेसला चिकटतायत? डाग पुसत बसू नका, आधी गाडीचं वजन टायरवरून काढा

माझं पोर्शे ९१७के या रेसिंग गाडीचं मॉडेल, १:१८ मधलं म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढं, लाल-पांढरी २३ नंबरवाली, म्हणजे १९७० साली हान्स हेर्मान आणि रिचर्ड ॲटवूडनी भर पावसात चालवून पोर्शेला ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलं ती गाडी, एके दिवशी धूळ पुसायला म्हणून दोन्ही हातांनी उचलली तर खालचा प्लास्टिकचा बेसही तिच्यासोबत वर आला. स्क्रू मी आधीच काढले होते. मागचे दोन्ही टायर घट्ट चिकटलेले, पुढचा डावा अर्धवट, आणि जरा जोर लावल्यावर चिकटपट्टी ओढताना येतो तसा आवाज होऊन गाडी सुटली. खाली बघतो तर मागच्या टायरांच्या जागी दोन चौकोनी तपकिरी डाग, बोट लावलं तर तेलकट, आणि डागाच्या आतलं प्लास्टिक खरबरीत झालेलं, नख फिरवलं की खळगा कळत होता.

डाग पुसला, बेस साबणाच्या पाण्याने धुतला, टायरही पुसले आणि गाडी परत ठेवून दिली. सहा-सात महिन्यांनी पुन्हा तेच. मग म्हटलं जागा बदलू, स्क्रू न लावता गाडी दोन सेंटिमीटर पुढे सरकवून ठेवली, तर नव्या जागीही डाग पडले, म्हणजे आता एकाच बेसवर दोन जोड्या खळगे. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पुसापुशी थांबवली आणि हे नेमकं होतंय कशामुळे ते मुळापासून समजून घेतलं, आणि त्यानंतर जे केलं त्याला आता चार वर्षं झाली, त्या गाडीखाली एकही नवा डाग नाही. तेच सगळं इथे सविस्तर लिहितोय, कारण रेसिंग गाड्यांची मॉडेल जमवणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतोच आणि बहुतेक जण मी केली तीच चूक करत राहतात.

तर होतं काय. बऱ्याच मॉडेलचे मऊ टायर हे खऱ्या रबराचे नसतात, ते पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, पाण्याचे पाइप बनतात ते हेच, मग त्याला टायरसारखं मऊ करायला त्यात तेलासारखा पातळ पदार्थ मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हा पदार्थ पीव्हीसीशी रासायनिकरीत्या बांधला गेलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं तो हळूहळू पृष्ठभागावर झिरपत राहतो. टायर मोकळ्या हवेत असेल तर थोडा चिकटपणा येतो, धूळ बसते, एवढंच. पण तोच टायर दुसऱ्या प्लास्टिकवर दाबून ठेवला की प्लास्टिसायझरला जायला आयती वाट मिळते, आणि डिस्प्ले बॉक्सचे बेस बहुतेक वेळा पॉलिस्टायरीनचे, ज्याला हा पदार्थ चक्क मऊ करतो आणि विरघळवतो. म्हणून खळगा पडतो. तो डाग टायरच्या मळाचा नसतो, बेस तिथे खरंच वितळलेला असतो, आणि जे वितळलंय ते पुसून जात नाही.

यात तीन गोष्टींनी वेग वाढतो. टायर बेसला किती जागेवर टेकलाय, त्यावर किती वजन आहे, आणि किती उकाडा आहे.

आता एन्ड्युरन्स गाड्यांच्या, म्हणजे ल माँसारख्या तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींच्या गाड्यांच्या, बाबतीत हे जास्त का होतं याचा मी बराच विचार केला, आणि मला वाटतं उत्तर गाड्यांच्या आकारातच आहे. पन्नाशीच्या दशकातली जॅग्वार डी-टाइप घ्या, १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल माँ जिंकलेली, तिचे टायर अरुंद आणि नक्षीवाले, त्यामुळे बेसला प्रत्यक्षात टेकतात त्या फक्त बारीक बारीक रेघा. त्याच्या शेजारी ९१७ ठेवा, मागचे टायर केवढे रुंद, आणि त्यानंतरच्या ग्रुप सी (ऐंशीच्या दशकात सुरू झालेला शर्यतीच्या गाड्यांचा एक वर्ग) गाड्या म्हणजे पोर्शे ९५६, ९६२, जॅग्वार एक्सजेआर-९, माझदा ७८७बी यांना तर बहुतेक मॉडेलवर गुळगुळीत स्लिक, नक्षी नाहीच, अख्खी रुंदी बेसला चिकटून. म्हणजे टेकणारी जागा कितीतरी पटीने जास्त. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच कपाटात एकाच फळीवर आहेत आणि डी-टाइपखाली आजपर्यंत फक्त पुसट रेघा उमटल्यात, तर ९५६ खाली पूर्ण चौकोन. शिवाय १:१८ ची मेटल बॉडीची गाडी हातात घेतली तर चांगली जड लागते, ते सगळं वजन चार छोट्या चौकोनांवर. १:४३ च्या रेझिन मॉडेलचं वजन फारसं नसतं, पण तिथे दुसरीच भानगड असते, ती म्हणजे खालून आवळलेले स्क्रू. त्याबद्दल पुढे लिहिलंय, आणि तो भाग कृपया वगळू नका.

उपाय करायच्या आधी आपल्या गाडीला नेमका हाच आजार आहे का ते बघा. मी एक साधी चाचणी करतो. साध्या पांढऱ्या कागदाच्या चार छोट्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक टायरखाली एक सरकवायची आणि गाडी दोन-तीन आठवडे तशीच सोडायची. नंतर पट्टी उजेडासमोर धरायची. भजी ठेवलेल्या कागदावर दिसतो तसा अर्धपारदर्शक तेलाचा ठिपका दिसला तर टायर प्लास्टिसायझर सोडतोय हे नक्की. नुसता काळा रंग उमटला आणि कागद कोरडा असेल तर तो टायरचा रंग उतरतोय, तो त्रास कमी गंभीर. कागद अगदी स्वच्छ राहिला तर कदाचित टायर खऱ्या रबराचे आहेत, किंवा अजून ती वेळ आलेली नाही. चारही टायर सारखे वागतीलच असं नाही हं, माझ्या ९१७ ला मागच्या दोन्हींचे ठिपके मोठे होते आणि पुढच्या उजव्याचा जवळजवळ नाहीच, कारण सस्पेन्शन थोडं वाकडं असल्याने तो टायर नीट टेकतच नव्हता. मला खरा उपाय सुचला तो याच टायरवरून. जो टेकत नव्हता तो चांगला राहिला होता.

आधीच चिकटलेली गाडी सोडवायची कशी ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बॉडी धरून वर ओढायचं नाही, अजिबात नाही, ९१७ ची शेपटी किंवा ७८७बीचा मागचा विंग हातात येईल, आरसे तर पहिले तुटतात. आधी बेस उलटा करून स्क्रू काढा, आणि हे करताना गाडीखाली मऊ कापडाची घडी असू द्या म्हणजे अचानक सुटली तर पडणार नाही. मग बेस सरळ करून टेबलावर ठेवा आणि मेणाचा डेंटल फ्लॉस घ्या, हातभर लांब, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून ताणून धरा, आणि टायर व बेस यांच्या मधल्या फटीत पुढच्या बाजूने घालून करवतीसारखा हळूहळू मागेपुढे चालवा. घाई करू नका. एका टायरला मला पाच-सात मिनिटं लागली. फ्लॉस मध्येच अडकला तर नवीन तुकडा घ्या, कारण त्यावर तो चिकट थर बसतो आणि मग तो सरकत नाही. टायर पूर्ण सुटल्याचा अंदाज आल्यावरच गाडी चेसिसला धरून उचला. ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, मला पहिल्यांदा झाला होता, त्यात टायरची कड फाटली आणि तो टायर आजही तसाच आहे, फक्त फाटलेली बाजू आतल्या अंगाला फिरवून ठेवलीये.

हेअर ड्रायरने गरम करून सोडवा असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. उष्णतेने प्लास्टिसायझर आणखी झिरपतो, शिवाय वर डेकल, म्हणजे चिकटवलेली नावं-नंबर, असतात, रेझिनची बॉडी असेल तर ती वाकू शकते. काही जण गाडी फ्रिजरमध्ये ठेवतात, त्यात बाहेर काढल्यावर सगळीकडे दव जमतं आणि धातूच्या मॉडेलला ओलावा म्हणजे विष. फ्लॉस पुरतो.

टायर साफ करायला कोमट पाणी आणि सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब, बास. टायर रिमवरून निघत असतील तर काढूनच धुवा, निघत नसतील तर कापसाची काडी ओली करून तेवढाच भाग पुसा, मग साध्या पाण्याची काडी, मग कोरडं मायक्रोफायबर. एका दिवसाने पुन्हा हात लावून बघा, परत चिकट लागला तर परत पुसा, पण हे लक्षात घ्या की पुसल्याने टायर बरा होत नाही, आतला साठा आतच असतो आणि तो हळूहळू येतच राहणार. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक दोन्ही त्याने खराब होतं आणि एक थेंब बॉडीवर उडाला की रंग गेला. टायर चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रेसुद्धा नकोत, ते पसरून रंगावर जातात, धूळ धरतात आणि नंतर कधी त्या भागाला रंग किंवा वार्निश लावायचं म्हटलं तर तिथे धरतच नाही.

आता मुख्य काम, वजन टायरवरून काढणं.

१:४३ च्या बहुतेक मॉडेलना बेसच्या खालून दोन स्क्रू असतात, ते चेसिसमध्ये जातात. पाठवताना गाडी बॉक्समध्ये हलू नये म्हणून ते आवळून बसवलेले असतात, आणि आपण बॉक्स उघडतो, बघतो, खुश होतो आणि तसाच कपाटात ठेवतो. म्हणजे गाडी नुसती बेसवर उभी नसते, तिला खालून दोन स्क्रू सतत बेसकडे ओढत असतात आणि टायर त्या ओढीत चेपले जातात. रेझिनची हलकी गाडी असूनही तिच्याखाली खोल खळगे का, याचं उत्तर हे आहे. मी माझ्या ९५६ चा स्क्रू, म्हणजे १९८२ च्या १ नंबरच्या, जॅकी इक्स आणि डेरेक बेलच्या गाडीचा, फक्त अर्धा फेरा सैल केला आणि डोळ्यांनी दिसलं की चेपलेले टायर गोल झाले. त्या क्षणी खूप वाईट वाटलं, किती वर्षं ती गाडी तशी आवळून ठेवली होती. म्हणून आज दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण सगळ्या बॉक्सचे स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल करा. गाडी हलकेच डुगडुगली पाहिजे.

त्यापुढची पायरी म्हणजे वॉशर. नायलॉनचे छोटे वॉशर मिळतात, वेगवेगळ्या जाडीचे, १ मिमी, अर्धा मिमी वगैरे. स्क्रू बेसमधून वर येतो आणि चेसिसमध्ये शिरतो, त्या दोहोंच्या मध्ये, म्हणजे बेसच्या वर आणि चेसिसच्या खाली, स्क्रूभोवती वॉशर ओवायचे. किती ओवायचे ते गाडीगणिक वेगळं, कारण चेसिस आणि बेसमधलं अंतर प्रत्येकीचं वेगळं. मी असं करतो, एक एक वॉशर वाढवत जातो आणि प्रत्येक वेळी स्क्रू हलका बसवून साध्या कागदाची पट्टी टायरखालून सरकवून बघतो. ज्या वेळी पट्टी चारही टायरखालून न अडकता जाते तिथे थांबायचं, पुढे एकही वॉशर नाही. साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे टायर बेसपासून तेवढाच वर आहे, आणि १:१८ च्या हिशेबात खऱ्या गाडीला ते १.८ मिमी झाले, १:४३ ला ४.३ मिमी. समोरून बघणाऱ्याला हे दिसत नाही, मी स्वतः नाक लावून बघतो तेव्हाच कळतं. आता गाडीचं सगळं वजन स्क्रू आणि वॉशरवर, टायर हवेत. पुढचा आणि मागचा स्क्रू यांना वेगवेगळी जाडी लागू शकते, माझ्या ७८७बीला पुढे दीड आणि मागे दोन मिमी लागले, नाहीतर गाडी नाक वर करून उभी राहायची आणि ५५ नंबरच्या त्या केशरी-हिरव्या गाडीला असं उभं बघवत नाही.

१:१८ ला बऱ्याचदा स्क्रू नसतात, गाडी नुसती फळीवर असते. तिथे चेसिसखाली पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन ठोकळे ठेवायचे, एक पुढच्या ॲक्सलच्या मागे, एक मागच्या ॲक्सलच्या पुढे. आणि इथे एन्ड्युरन्स गाड्यांचा एक फायदा होतो. या गाड्या इतक्या बुटक्या असतात की खाली काय ठेवलंय ते दिसतच नाही. फोर्ड जीटी४० च्या नावातला ४० हा आकडा गाडीच्या उंचीवरूनच आला, ४० इंच, म्हणजे साधारण १ मीटर, १:१८ मध्ये ते साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येतं, आणि त्यातली जमिनीपासूनची मोकळी जागा म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर. ग्रुप सी गाड्यांची बाजूची पट्टी तर जवळजवळ जमिनीला टेकलेली. ठोकळा कापताना चेसिसच्या सपाट भागावर टेकेल असं बघा, एक्झॉस्ट पाइप किंवा नाजूक चिकटवलेल्या भागावर नको. ज्या मॉडेलला स्प्रिंगचं सस्पेन्शन आहे तिथे ठोकळा ठेवल्यावर चाकं आपोआप खाली लोंबतात आणि परत बेसला टेकतात, पण आता त्यांच्यावर फक्त चाकाचं आणि स्प्रिंगचं वजन असतं. तेवढं चालतं, फक्त टायरखाली अडथळा म्हणून काहीतरी ठेवा.

अडथळा म्हणजे काय, तर टायर आणि बेस यांच्यामध्ये असं काही जे प्लास्टिसायझरला दाद देत नाही. ॲल्युमिनियम फॉइल उत्तम, काच उत्तम, पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक फिल्म चांगली. फिल्म टायरच्या टेकण्याच्या जागेपेक्षा किंचित लहान कापली तर दिसत नाही. काचेच्या फळीवर ठेवलेल्या गाड्यांनासुद्धा टायरखाली तेलकट ठसा येतो, पण काच वितळत नाही, पुसली की स्वच्छ, म्हणून माझ्या जड गाड्या मी काचेवर हलवल्या. साध्या कागदाची पट्टी कायमची ठेवू नका, तो तेल शोषतो आणि मग टायरला चिकटून बसतो, काढताना त्याचे पापुद्रे टायरवर राहतात. चाचणीपुरता कागद ठीक.

बेसमध्ये आधीच खळगा पडला असेल तर दोन पर्याय. फार खोल नसेल तर १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने घासा आणि प्लास्टिक पॉलिशने चमक आणा, पण खरं सांगायचं तर काळ्या चकचकीत बेसवर तो भाग थोडा वेगळा दिसतोच. मी ९१७ ला नवीन ॲक्रिलिकचा बेस कापून घेतला आणि स्क्रूची भोकं जुन्या बेसवरून मार्किंग करून पाडली. जुना बेस मात्र टाकला नाही, त्यावर गाडीचं नाव आणि नंबर छापलेलाय, तो बॉक्ससोबत ठेवलाय.

एक जागा लोक नेहमी विसरतात, रिम. टायर बेसला टेकतो तसा आतून रिमलाही टेकलेला असतो, आणि रिमही बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते. प्लास्टिक किटमधून बनवलेल्या १:२४ गाड्यांमध्ये हे फार होतं, काही वर्षांनी टायर काढायला गेलं तर रिमची कड मऊ होऊन टायरसोबत येते, क्रोम असेल तर ते सोलून निघतं. नवीन किट बनवत असाल तर टायर चढवायच्या आधी रिमभोवती प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा ताणून गुंडाळा, ती इतकी पातळ असते की टायर नीट बसतो, आणि बाहेर दिसणारी कड ब्लेडने छाटून टाका. तयार मॉडेलवर हे करायचं असेल तर टायर सहज निघतोय का आधी बघा, जबरदस्ती केली तर सेंटर लॉकचा तो छोटा नट उडून जातो, आणि तो नट खोलीत शोधून मिळत नाही.

कपाटाबद्दल. उष्णता जितकी कमी तितका हा सगळा प्रकार मंदावतो. बंद काचेच्या कपाटात वर एलईडी पट्टी असेल तर तिचा अडॅप्टर कपाटाच्या बाहेर ठेवा, तोही चांगलाच गरम होतो. उन्हात ठेवलेलं कपाट तर नकोच, टायरसाठीही नको आणि रंगासाठीही नको, पांढरे डेकल पिवळे पडतात. माझ्या कपाटात एक छोटा थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारा मीटर आहे, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतो, सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि रंग बदलला की वाळवून घेतो. ही आर्द्रता टायरपेक्षाही धातूच्या बॉडीसाठी महत्त्वाची.

आणि इथेच एक सावधगिरीची गोष्ट, कारण दोन वेगळे आजार लोक एकच समजतात. टायरजवळच्या फेंडरवर रंगाला फोड आले, बारीक पुरळासारखे, तर ते टायरमुळे असतीलच असं नाही. डायकास्ट बॉडी ज्या मिश्रधातूची असते त्याला झमॅक म्हणतात, नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलंय, जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. या जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमची अगदी थोडी भेसळ राहिली तर धातूच्या कणांच्या सीमांवरून आतून गंज चढत जातो, बॉडी फुगते, बारीक भेगा पडतात, दारं नीट बंद होईनाशी होतात आणि शेवटी तुकडे पडतात. यालाच झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. हा शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे घाबरून कपाट रिकामं करू नका, पण हा बराही होत नाही, कारण दोष धातू ओतला त्या दिवसापासून आत आहे. ओलावा आणि उष्णता कमी ठेवून तो फक्त लांबवता येतो. फोडावर हलकेच बोट फिरवा, खालचा धातू उंच आणि कडक लागला आणि आजूबाजूला केसासारखी भेग दिसली तर हाच संशय घ्या, आणि अशा गाडीला वॉशर बसवताना स्क्रू अजिबात आवळू नका, स्क्रूचं भोकच फुटतं.

जुन्या हाताने बनवलेल्या १:४३ व्हाइट मेटल गाड्या असतील तर आणखी वेगळं. त्यात बऱ्याचदा शिसं असतं, आणि लाकडाच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात लाकडातून येणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिश्यावर पांढरी पावडर धरते. ती पावडर फुंकायची नाही, ती विषारी आहे. हातमोजे घालून ओल्या कापसाने टिपायची, कापूस पिशवीत बंद करून टाकायचा, आणि गाडी लाकडापासून दूर काच-धातूच्या कपाटात हलवायची.

टायर धुताना डेकलकडे लक्ष असू द्या, विशेषतः ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांना. ९५६ चं रॉथमन्स, एक्सजेआर-९ चं सिल्क कट, ही सिगारेटची नावं असल्यामुळे बरीच मॉडेल ती नावं न छापताच येतात आणि आपण डेकल वेगळे आणून घरी लावतो. हे घरी लावलेले पाण्याचे डेकल वरून वार्निश मारलेलं नसेल तर ओल्या काडीने सरकतात. १९८८ ची ती २ नंबरची जांभळी जॅग्वार, लामर्स, डमफ्रीज आणि वॉलेसची, तिच्या मागच्या चाकाच्या अगदी वर मोठं अक्षर येतं, मी टायर पुसायच्या आधी त्या भागावर मास्किंग टेप न लावता क्लिंग फिल्म नुसती हलकी गुंडाळली, कारण टेप काढताना डेकलच उपटून येतं. काम झालं की फिल्म लगेच काढा, तीही रंगावर ठेवून द्यायची वस्तू नाही. तसंच बबल रॅप थेट रंगाला लावून गाडी वर्षानुवर्षं ठेवली की गोल ठसे उमटतात, आणि जुना स्पंज चुरा होऊन चिकटतो. मध्ये आम्लरहित पातळ कागद घाला.

ज्यांच्या गाड्या अजून बॉक्समध्येच बंद आहेत, उघडायच्याच नाहीत म्हणून ठेवल्यात, त्यांना कळकळीने सांगतो, त्या एकदा उघडा. बंद बॉक्समध्ये स्क्रू आवळलेले, हवा खेळत नाही, आणि टायर कोणी बघत नाही. मी एक १:४३ अशीच नऊ वर्षं सीलबंद ठेवली होती, टायर बेसमध्ये जवळजवळ अर्धा मिलिमीटर रुतले होते आणि फ्लॉस घालायलाही फट नव्हती. शेवटी बेसचा तेवढा भाग बारीक करवतीने कापून गाडी सोडवावी लागली आणि टायरखाली राहिलेले प्लास्टिकचे तुकडे नंतर एक एक करून काढले, एका टायरची कड त्यात गेली. स्क्रू सैल करून ठेवली असती तर तेही झालं नसतं.

माझं सध्याचं रुटीन असं आहे, वर्षातून दोनदा प्रत्येक गाडीखालून कागदाची पट्टी फिरवतो. जिथे अडकते तिथे वॉशर दबलाय किंवा सस्पेन्शन सैल पडलंय असं समजायचं, अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर वाढवायचा. मागच्या वेळी ४१ गाड्यांपैकी तीन अडकल्या, त्यातल्या दोन स्प्रिंगवाल्या १:१८. ९१७ ची पट्टी चारही टायरखालून सरळ बाहेर आली, उजेडासमोर धरली, कोरडी होती.